गुण आला नाही, तर दोष कोणाचा?

मराठी माणूस औषधाविषयी बोलताना एक मोठा अर्थपूर्ण शब्द वापरतो. औषधाने बरे वाटले की तो म्हणतो, 'गुण आला.' एखाद्या वैद्याची ख्याती झाली की म्हणतो, 'त्यांच्या हाताला गुण आहे.' परंतु भाषेत गुणाच्या मागोमाग त्याचा सोबती दोषही चालत येतो. औषधाला गुण आला नाही की घरातल्या माणसांची नजर आपोआप दोषाच्या शोधाला लागते. पथ्य कोणी मोडले? उपचार कोणी चुकवले? कोणाची श्रद्धा उणी पडली? आणि हा शोध बहुतेक वेळा अंथरुणावर पडलेल्या माणसापाशीच येऊन थांबतो, कारण त्याला उठून दूर जाता येत नाही.

वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातील एका खेड्यात आमच्या परिचयाचे एक कुटुंब राहते. घरची बाई पंचेचाळिशीची. तिच्या दोन्ही मुलांना मी शाळेत शिकवले. तिला स्तनाचा कर्करोग झाला. उपचारांसाठी नागपूर गाठायचे, म्हणजे एका बाजूने दीडशे किलोमीटरांहून अधिक प्रवास. पहाटेची एसटी, रुग्णालयाच्या ओसरीवरची रात्र आणि परतताना खिडकीशी धरलेली पिशवी. पहिल्या तीन डोसांनंतर गाठ निम्म्यावर आली. घरात आनंद झाला. पुढे ती आकसायची थांबली आणि दोनच महिन्यांत पुन्हा वाढू लागली. डॉक्टरांनी औषध बदलले. आश्चर्य असे की, जे औषध तिच्या शरीरात पूर्वी कधी गेलेच नव्हते, त्यालाही ती गाठ जुमानेना.

मग दोषाचा शोध सुरू झाला. सासूबाईंना आठवले की, धानाच्या रोवणीच्या दिवसांत सुनेने नागपूरची एक फेरी चुकवली होती. दिराला आठवले की, तिने मध्यंतरी एका वैदूकडून झाडपाला घेतला होता. प्रार्थनेसाठी आलेल्या एका पाहुण्या बाईंनी हळूच सुचवले की, विश्वास पुरेसा असता तर एव्हाना चिन्ह दिसले असते. आणि मी? मी तर प्रत्येक भेटीत तिला सांगत आलो होतो, "हिंमत सोडू नका. हे युद्ध आहे. जो झुंजतो तो जिंकतो." त्या वाक्याची दुसरी बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती. जो झुंजतो तो जिंकत असेल, तर जो हरला तो झुंजलाच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

एके दिवशी तिने मला विचारले, "गुरुजी, एक फेरी सोडली तर मी सगळे डोस घेतले जी. मग माझं काय चुकलं?"

त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे दवाखाना चालविणाऱ्या एका सिस्टरने आणि एका तरुण डॉक्टरांनी मला जे समजावून सांगितले, त्यातून मला एक उत्तर मिळाले. ते विज्ञानाचे उत्तर आहे. परंतु त्याचा संबंध आपल्या सदसद्विवेकबुद्धीशी आहे, म्हणून ते येथे मांडतो.

औषध न लागणे ही गोष्ट वास्तविक गडचिरोलीच्या माणसाला नवी नाही. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा हिवतापाच्या बाबतीत महाराष्ट्रात दीर्घकाळ सर्वांत पुढे राहिला आहे. एके काळी तापाच्या प्रत्येक रोग्याला क्लोरोक्विनची कडू गोळी दिली जाई आणि ताप उतरत असे. पुढे फाल्सिपेरम जातीचा हिवताप त्या गोळीला दाद देईनासा झाला. भारतात अशा प्रतिकाराची पहिली नोंद १९७३ साली आसामात झाली. हळूहळू तो देशभर पसरला आणि २०१० साली या जातीच्या हिवतापासाठी सर्वत्र आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषध देण्याचे धोरण आले. या बदलाचे कारण संशोधकांनी शोधले, तेव्हा दिसले की, क्लोरोक्विन हिवतापाच्या परजीवीच्या ज्या कप्प्यात साठून त्याला मारत असे, तेथून त्याला बाहेर नेणारे एक प्रथिन बदललेल्या रूपात काम करू लागले होते. औषध आत शिरत होते. पण जिथे टिकायला हवे, तिथे टिकत नव्हते.

आता पाहा, क्लोरोक्विनने ताप उतरला नाही म्हणून एटापल्ली-भामरागडच्या कोणा आईला कोणी विचारले का, की तुझ्या लेकराने लढण्यात कसूर केली का? आपण म्हटले, 'ही गोळी आता चालत नाही, दुसरी द्या.' हिवतापाच्या बाबतीत जो न्याय आपण सहज देतो, तो कर्करोगाच्या रोग्याला देताना आपला हात का आखडतो?

कर्करोगाच्या पेशीत जे घडते, ते याच जातीचे आहे. त्याची कथा आपल्या रानातल्या एका वेलीपासून सांगता येईल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पावसाळ्यात कळलावी फुलते. ज्वालेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची ती वेल आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचे जहाल विष असते. याच द्रव्यावर कॅनडातील टोरांटो येथे रुडॉल्फ ज्युलिआनो आणि व्हिक्टर लिंग हे संशोधक प्रयोग करीत होते. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी त्यांनी कोल्चिसिनमध्ये वाढविल्या. बहुतेक मेल्या, थोड्या तगल्या. या तगलेल्या पेशी केवळ कोल्चिसिनलाच नव्हे, तर ज्यांच्याशी त्यांची कधी गाठही पडली नव्हती अशा इतर औषधांनाही दाद देईनात. १९७६ साली त्या दोघांनी दाखवून दिले की, अशा पेशींच्या आवरणावर एक मोठे प्रथिन विपुल प्रमाणात असते. त्याला त्यांनी पी-ग्लायकोप्रोटीन असे नाव दिले. त्यापूर्वी, १९७३ मध्ये, कोपनहेगन येथील केल्ड डानो यांनी अशा पेशी औषध बाहेर लोटतात, हे पाहिले होतेच. ते लोटणारे प्रथिन कोणते, हे पुढील संशोधनातून उलगडत गेले.

हे प्रथिन म्हणजे एक पंप आहे. विहिरीवरची मोटर जशी विजेवर चालते, तसा हा पंप पेशीच्या ऊर्जेवर, म्हणजे एटीपी नावाच्या रेणूवर चालतो. औषधाचा कण पेशीच्या आवरणात शिरतो न शिरतो तोच त्याला पकडून हा पंप बाहेर टाकतो. रक्तात औषध पुरेसे असते. पेशीच्या आत मात्र ते मारण्याइतके साठतच नाही. अंगणात सदाफुली लावणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसेल की, व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरील औषधे त्या साध्या फुलझाडापासून मिळतात. हा पंप ती बाहेर टाकतो. रुग्ण ज्याला 'लाल औषध' म्हणतात, ते डॉक्सोरुबिसिन आणि त्यानंतर अनेकांना दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेल, या दोघांनाही तो बाहेरची वाट दाखवितो. एकाच पंपाला इतकी निरनिराळी औषधे ओळखीची कशी, याचे संशोधकांनाही नवल वाटले. पहिले औषध हरले की दुसरे, न वापरलेले औषधही का हरते, याचे एक उत्तर येथे आहे.

कपाशीवरील बोंडअळीचे उदाहरण शेतकरी वाचकांना पटेल. फवारणीत हजारो अळ्या मरतात. ज्या थोड्यांना ते विष पचते, त्या उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच असते. गाठीतही तसेच होते. अब्जावधी पेशींपैकी काहींजवळ पंप अधिक असतात. औषध इतरांना मारते, गाठ लहान होते, सर्वांना आशा वाटते. मग उरलेल्या पेशी वाढू लागतात आणि नवी गाठ त्यांच्या वंशाची असते. औषधाने आपले काम केलेले असते, रुग्णानेही केलेले असते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पंप हे औषध निष्फळ होण्याचे एकमेव कारण नव्हे. काही पेशी औषधाने केलेली मोडतोड दुरुस्त करतात, काही औषधाचे लक्ष्यच बदलून टाकतात, काही मरणाचा आदेश ऐकत नाहीत. मुखाच्या कर्करोगावर दिले जाणारे सिस्प्लाटिन या पंपाच्या हाती सापडत नाही. त्याला हरविण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. परंतु या सर्व वाटा पेशीच्या आहेत. त्यांपैकी एकही रुग्णाच्या इच्छाशक्तीतून किंवा श्रद्धेतून जात नाही.

आता या कथेतला मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग सांगतो. हा पंप कर्करोगाने निर्माण केलेला नाही. तो आपल्या प्रत्येकाच्या शरीरात जन्मापासून आहे. आतड्याच्या अस्तरात, यकृतात, मूत्रपिंडात, मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत आणि गर्भवती मातेच्या वारेत तो पहारा देतो. माणसाला अन्नासाठी ज्या वनस्पतींवर अवलंबून राहावे लागते, त्यांपैकी अनेकींत विषारी द्रव्ये असतात. ती द्रव्ये रक्तात, मेंदूत, उदरातील बाळापर्यंत पोहोचू नयेत, म्हणून हा द्वारपाल उभा आहे. त्याचे मोल १९९४ साली ॲमस्टरडॅममध्ये कळले. तेथील संशोधकांनी हा पंप नसलेले उंदीर तयार केले होते. ते उंदीर दिसायला अगदी निरोगी होते. परंतु अंगावरील किडे मारण्यासाठी प्रयोगशाळेत आयव्हरमेक्टिन हे नेहमीचे औषध फवारले गेले, आणि इतर उंदरांना ज्याचा काहीच त्रास होत नाही, त्या औषधाने हे उंदीर मरू लागले. मेंदूच्या दारावर पहारेकरीच नव्हता.

म्हणूनच या पंपाला बंद पाडण्याचे प्रयत्न इतके अवघड ठरले. १९८१ साली जपानमधील त्सुरुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, हृदयविकारावरील व्हेरापामिल या औषधाने हा पंप अडतो आणि प्रतिकार करणाऱ्या पेशी पुन्हा मरू लागतात. केवढी आशा निर्माण झाली! परंतु माणसात तेवढी मात्रा दिली तर हृदयच धोक्यात येई. पुढे अधिक प्रभावी अशी व्हाल्स्पोडार, टॅरिक्विडार ही द्रव्ये आली. मात्र पंप अडविला की तो गाठीपुरता अडत नाही. यकृत आणि मूत्रपिंड यांचेही हात बांधले जातात आणि केमोथेरपीचे विष अंगात अधिक काळ राहते. मोठ्या चाचण्यांत रुग्णांचा अपेक्षित लाभ दिसला नाही. एवढ्या वर्षांच्या प्रयत्नांनंतरही पंप अडविणारे औषध केमोथेरपीच्या नित्य उपचाराचा भाग झालेले नाही. जे आपले रक्षण करते, तेच आजाराचेही रक्षण करते. एकाला काढून दुसऱ्याला ठेवता येत नाही.

शिष्यांनी प्रभू येशूला जन्मांध माणसाविषयी जो प्रश्न विचारला होता, तो योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आहे: पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? आमच्या त्या घरात विचारला जाणारा प्रश्न हाच होता. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. त्याने त्या माणसाच्या आंधळेपणाचा हिशेब मांडला नाही. तो खाली वाकला आणि चिखल कालवू लागला. ईयोबाच्या मित्रांचीही तीच गोष्ट. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. त्यांच्या हातून घडलेले तेच सर्वांत मोठे सत्कृत्य होते. ते बोलू लागले, दोष शोधू लागले, तेव्हा बिघडले, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोषी ठरविले. १९८४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी दुःखाविषयी लिहिलेल्या पत्रात ईयोबाच्या आधारे हेच प्रतिपादन केले की, प्रत्येक दुःख हे शिक्षा नसते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. दोष कोणाचाच नाही असे म्हटले, तर माणसे बेफिकीर होणार नाहीत का? आपल्या या दोन जिल्ह्यांत खर्रा किती खाल्ला जातो, हे कोणापासून लपलेले नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे ते मिश्रण मुखाच्या कर्करोगाला आमंत्रण देते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत कार्य सुरू केलेल्या 'सर्च' या संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून तेथे 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूविरोधी अभियान चालू आहे, ते उगाच नव्हे. शिवाय, रोवणीसाठी चुकविलेली फेरी खरोखरच हानिकारक असू शकते. उपचारांत खंड पडू नये, हे डॉक्टरांचे सांगणे योग्यच आहे.

परंतु दोन प्रश्नांची गल्लत होता कामा नये. 'पुढे काय करावे?' हा एक प्रश्न. त्यासाठी खर्रा सोडवावा, गाठ दिसताच बाईने संकोच सोडून दाखवावी, फेरी चुकवू नये, हे सारे ठासून सांगितले पाहिजे. 'मागे काय चुकले?' हा दुसरा प्रश्न. तो निरोगी माणसाने स्वतःला विचारावा. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला विचारू नये. आणि तो विचारायचाच असेल, तर पुरता विचारावा. तिने फेरी चुकविली, कारण रोवणीची मजुरी बुडाली असती तर घरात वर्षभराचे तांदूळ नसते. तिच्यासोबत नागपूरला जायला कोणी मोकळे नव्हते. त्या आठवड्यात तिच्या बांधीत आपण चार जण उतरलो असतो, तर ती फेरी चुकली नसती. दोषाचा धागा ओढायचा म्हटले तर तो असा आपल्या अंगणापर्यंत येतो.

दोष बाजूला ठेवल्यावर कर्तव्य उरते. औषध हरले की उपचार संपले, असे आपण मानतो. हीही चूक आहे. या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आणि दयाळू आहे. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे बोलताना सांगितले की, जीव राखण्यासाठी सर्वसाधारण उपाय करणे बंधनकारक आहे, अतिभार टाकणारे असाधारण उपाय नव्हे. आणि असह्य वेदना शमविण्यासाठी औषध देणे उचित आहे. १९८० मधील धर्मसिद्धांत मंडळाच्या घोषणापत्राने आणि १९९५ मधील जीवनविषयक परिपत्रकाने तेच दृढ केले. अपेक्षित लाभाच्या मानाने यातनाच जास्त देणारा उपचार थांबविणे म्हणजे आत्महत्या नव्हे, इच्छामरण नव्हे आणि श्रद्धेचा अभावही नव्हे. शेत विकून, कर्ज काढून आणखी एक डोस घेतलाच पाहिजे, असे देव कोणाला सांगत नाही. मात्र वेदनेवर मॉर्फिन मिळाले पाहिजे, जखम स्वच्छ राहिली पाहिजे, खरे काय ते रुग्णाला त्याच्या भाषेत कळले पाहिजे आणि कोणीतरी जवळ बसले पाहिजे. हे उपाय कोणताही पंप बाहेर टाकू शकत नाही.

हे सारे समजल्यावर मी पुन्हा त्या घरी गेलो. तिच्या गाठीत नेमका पंपच कारणीभूत होता की दुसरे काही, हे मला ठाऊक नव्हते आणि तसे मी तिला सांगितले. मग कळलावीपासून सुरुवात करून जमेल तसे समजावले. ती लक्षपूर्वक ऐकत होती. शेवटी तिने विचारले, "मग त्या पहारेकऱ्याला औषध कोणतं आणि विष कोणतं, ते समजत नाही का जी?"

मी म्हटले, "नाही. त्याला दोन्ही सारखीच परकी."

ती किंचित हसली. "आमच्या कुत्र्यासारखाच म्हणा. तो चोरावर भुंकतो आणि पोस्टमनवरही भुंकतो. त्याला मारून काय उपयोग?"

सासूबाई दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. त्या काही बोलल्या नाहीत. पण उठून आत आल्या, सुनेच्या पायांवरची चादर नीट केली आणि तिथेच, तिच्या पायांपाशी बसल्या. फेरी चुकविल्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाल्याचे मी ऐकले नाही. मीही 'झुंज' हा शब्द त्यानंतर उच्चारला नाही. दवाखान्यातील सिस्टर दर आठवड्याला येऊन औषधे देत. फादरांनी रुग्णाभ्यंग दिला. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत, पहाटे, घरची सगळी माणसे जवळ असताना ती गेली.

पुरणाच्या वेळी कोणीतरी माझ्याजवळ म्हणाले, "शेवटी हरली बिचारी." मी त्यांना म्हटले, "नाही हो. औषध हरले."